गोलरक्षकाचे हातमोजे लवकर का फाटतात?

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. प्रयोगशाळेत बारावीचे प्रात्यक्षिक संपत आले होते. आमच्या महाविद्यालयाच्या फुटबॉल संघाचा गोलरक्षक दारात येऊन उभा राहिला. "सर, येऊ का?" म्हणाला, आणि पिशवीतून हातमोज्यांची एक जोडी काढून त्याने माझ्या टेबलावर ठेवली. दिवाळीच्या सुट्टीत एका किराणा दुकानात काम करून त्याने पैसे साठवले होते आणि खेळाच्या दुकानातली सर्वांत महाग जोडी विकत घेतली होती. चार सामने आणि तीन आठवड्यांचा सराव एवढ्यातच मनगटाजवळचा पांढरा फोम निघून गेला होता आणि खालचे करडे कापड दिसत होते. उजव्या हाताच्या दोन बोटांची शिवणही उसवली होती.

"दुकानदारानं फसवलं का, सर?" त्याने विचारले.

मी भिंगातून मोजे नीट पाहिले. माल अस्सल होता. दुकानदाराने फसवले नव्हते. हे मोजे ज्या मैदानासाठी बनवले होते ते मैदान आमच्याकडे नव्हते, एवढाच काय तो घोटाळा. आमचे मैदान मुरमाचे. आठवड्यातून दोनदा मुले वर्गणी काढून गावातल्या टर्फवर, म्हणजे कृत्रिम हिरवळीवर, सराव करतात. ते मोजे होते ओलसर, दाट, नैसर्गिक गवतासाठी.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी अनेकांच्या शाळेचे मैदान असेच असेल. मोजे घेताना काय पाहावे हे मी शेवटी सांगणारच आहे. पण त्याआधी मोजा चेंडूला धरतो कसा आणि झिजतो कशाने हे समजून घेऊ या. ते एकदा समजले की दुकानात उभे राहून तुमचे तुम्हालाच ठरवता येईल.

चिकटपणा कोठून येतो?

फुटबॉलच्या नियमांत गोलरक्षकाने हातमोजे घातलेच पाहिजेत असे कोठेही नाही. १९६६ च्या विश्वचषकात इंग्लंडचा गोलरक्षक गॉर्डन बँक्स च्युइंगम चघळून ती चिकट लाळ तळहातांना चोळत असे. २००४ च्या युरोपीय स्पर्धेत पोर्तुगालच्या रिकार्डोने पेनल्टीच्या वेळी मोजे चक्क काढून टाकले, उघड्या हातांनी इंग्लंडचा फटका अडवला आणि पुढचा फटका स्वतः मारून सामना जिंकून दिला! पण असे प्रसंग विरळा. आज शाळकरी गोलरक्षकही रबरी तळव्याचे मोजे घालूनच उभा राहतो. चेंडूला धरून ठेवण्याचे काम या तळव्याकडे असते.

घर्षणाचे नियम तुम्ही पाठ केले असतील. घर्षणबल हे दाबणाऱ्या बलाच्या प्रमाणात असते आणि ते स्पर्श होणाऱ्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते. फ्रेंच शास्त्रज्ञ आमोंताँ याने १६९९ मध्ये हे नियम मांडले. लाकूड, लोखंड, दगड यांच्या बाबतीत ते चांगले लागू पडतात. रबर मात्र ते पाळत नाही, आणि गोलरक्षकाचे सारे भाग्य या नियमभंगावर उभे आहे!

असे का होते? कोणताही पृष्ठभाग आपल्याला कितीही गुळगुळीत वाटला तरी सूक्ष्मदर्शकाखाली तो सह्याद्रीच्या रांगांसारखा दिसतो. दोन कठीण वस्तू एकमेकींवर ठेवल्या तर त्या फक्त शिखरांच्या टोकांवर टेकतात. प्रत्यक्ष स्पर्श होतो तो दिसणाऱ्या क्षेत्रफळाच्या अगदी थोड्या भागावर. मऊ रबराचे तसे नाही. ते दऱ्याखोऱ्यांत शिरते, तळाला जाऊन भिडते. रबराचे रेणू आणि चेंडूच्या कातड्याचे रेणू एकमेकांच्या इतके जवळ येतात की त्यांच्यात आकर्षण निर्माण होते. यालाच आपण चिकटपणा म्हणतो. म्हणून रबर जितके मऊ तितका प्रत्यक्ष स्पर्श जास्त, आणि जितका स्पर्श जास्त तितकी पकड चांगली. रबराचा घर्षणांक १ पेक्षा अधिकही असू शकतो.

हे घरी पडताळून पाहता येते. जुन्या हवाई चपलेच्या तळाचा एक चपटा तुकडा कापून घ्या. तो स्वच्छ पुसलेल्या काचेवर ठेवा आणि काच एका बाजूने हळूहळू उचला. (काचेच्या कडांना कागदी पट्टी चिकटवा, नाहीतर हात कापेल.) तुकडा घसरू लागेल तो कोन कोनमापकाने मोजा. त्या कोनाचा टॅन म्हणजे घर्षणांक. कोन ४५ अंशांच्या वर गेला की घर्षणांक १ च्या वर गेला. आता त्याच तुकड्याला फळ्याखालची खडूची पूड फासा आणि पुन्हा कोन मोजा. तो बराच उतरलेला आढळेल. पूड मध्ये आल्यामुळे रबराला काचेपर्यंत पोहोचताच येत नाही. मैदानावरची लाल धूळ तळव्यावर बसली की नेमके हेच घडते. पुष्कळ मुलांना वाटते की मोजे जुने झाले, पकड गेली. कित्येकदा ते फक्त मळलेले असतात!

मऊपणाची किंमत

रबराच्या झाडाच्या चिकातले रेणू म्हणजे लांबच लांब साखळ्या. ताटातल्या शेवयांसारख्या त्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. नुसता चीक वाळवला तर उन्हात चिकट होतो आणि थंडीत कडक. १८३९ मध्ये अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला असे आढळले की रबर गंधकाबरोबर तापवले तर हा दोष जातो. गंधकाचे अणू शेजारच्या साखळ्यांमध्ये पूल बांधतात. पूल थोडे असतील तर रबर मऊ आणि लवचीक राहते. पूल वाढवत गेले तर ते कठीण होत जाते. पुढे १९२९ च्या सुमारास इंग्लंडमधल्या डनलॉप कंपनीत चीक घुसळून, त्यात हवेचे बुडबुडे कोंडून, त्याचा फोम तयार करण्याची रीत सापडली. गोलरक्षकाच्या मोज्याचा तळवा बहुधा अशाच फोमचा असतो. चीक झाडाचा असतो, कारखान्यात बनवलेला असतो किंवा दोन्हींचे मिश्रण असते.

फोम मऊ का, तर त्यात हवा जास्त आणि रबर कमी. दोन बुडबुड्यांमधली रबराची भिंत अतिशय पातळ असते. चेंडूच्या गुळगुळीत पृष्ठभागावर या भिंती दबतात, पसरतात, चिकटतात आणि पुन्हा पूर्ववत होतात. पण हाच तळवा खड्यावर दाबून ओढला तर काय होईल? रबराला चेंडू आणि खडा यांतला फरक कळत नाही. ते खड्यालाही तितक्याच प्रेमाने चिकटते. हात पुढे सरकतो, चिकटलेला भाग मागे राहतो, पातळ भिंत ताणली जाते आणि तुटते. चेंडूला धरण्याचा जो गुण तुम्ही पैसे देऊन विकत घेतला, तोच जमिनीवर मोज्याचा घात करतो.

पेन्सिलीचे खोडरबर पाहा. मऊ खोडरबर कागद सुंदर पुसते आणि महिन्याभरात संपते. कडक खोडरबर वर्षभर टिकते आणि वहीवर काळे फराटे ओढते. दोन्ही गुण एकात असलेले खोडरबर अजून तरी माझ्या पाहण्यात नाही.

येथे दुसरा प्रयोग करा. हवाई चपलेचा तुकडा आणि सायकलच्या जुन्या टायरचा तुकडा समान आकाराचे कापा. सुताराकडचा खरखरीत पॉलिश पेपर पाटावर खिळवा. प्रत्येक तुकड्यावर अर्धा किलोचे वजन ठेवून तो एकाच दिशेने वीस वेळा ओढा. आधी आणि नंतर शाळेतल्या तराजूवर वजन करा. तोटा कोणाचा जास्त झाला? मग भिंगातून घासलेली बाजू पाहा. ओढण्याच्या दिशेला आडव्या अशा बारीक रेघा दिसल्या तर समजा की तुम्ही शेतातल्या सरी-वरंब्यांची रबरी आवृत्ती पाहत आहात. ॲडॉल्फ शालामाख या रबरतज्ज्ञाने १९५० नंतरच्या दशकात अशा वरंब्यांचा बारकाईने अभ्यास केला. रबर पूड होऊन झिजत नाही. वरंब्याचे ओठ मागे वळतात, पुन:पुन्हा वळून थकतात आणि मग तुटून पडतात.

चेंडू दोषी की जमीन?

आमच्या गोलरक्षकाची समजूत अशी होती की जोरदार फटके अडवून अडवून मोजे फाटले. आम्ही फळ्यावर हिशोब मांडला. आकडे ढोबळ आहेत. पण दिशा दाखवायला पुरेसे आहेत.

नियमाप्रमाणे सामन्याच्या चेंडूचे वस्तुमान ४१० ते ४५० ग्रॅम असते. आपण ०.४३ किलोग्रॅम धरू. तो सेकंदाला २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर वेगाने आला असे समजू. त्याचा संवेग झाला ०.४३ × २० = ८.६ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. हात मागे घेत तो ०.१ सेकंदात थांबवला तर सरासरी बल ८६ न्यूटन, म्हणजे प्रत्येक हातावर ४३ न्यूटन. या वेळात चेंडू तळव्यावर फार तर दोन सेंटिमीटर घसरेल. घर्षणांक १ धरला तर एका मोज्यावर घर्षणाने झालेले कार्य ४३ × १ × ०.०२, म्हणजे ०.८६ ज्यूल. एक ज्यूलही नाही!

आता सूर मारल्यावर काय होते ते पाहू. मुलाचे वजन ५५ किलो, म्हणजे सुमारे ५४० न्यूटन. पडताना त्याने एक हात जमिनीवर टेकला आणि वजनाचा एक-तृतीयांश भार, १८० न्यूटन, त्या तळव्यावर आला. हात ३० सेंटिमीटर घसरला. मातीवरचा घर्षणांक ०.७ धरू. कार्य झाले १८० × ०.७ × ०.३, म्हणजे जवळजवळ ३८ ज्यूल. एका घसरणीत चाळीसहून अधिक झेलांचे घर्षण! चेंडू गुळगुळीत असतो आणि खड्याला धार असते, हे तर या हिशोबात आलेलेच नाही. ते धरले तर जमिनीच्या पारड्यात आणखी भर पडेल.

मुलगा फळ्याकडे पाहत राहिला. "म्हणजे बॉलनं नाही, मी पडतो त्यानं फाटतात?" होय. मोजा फाटला होता तो मनगटाजवळच्या उंचवट्यावर. तेथे चेंडू क्वचितच लागतो.

ब्रिटिश शास्त्रज्ञ आर्चर्ड याने १९५३ मध्ये झिजेसाठी एक साधे सूत्र दिले. झीज ही दाबणारे बल आणि घसरलेले अंतर यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते आणि पदार्थाच्या कठीणपणाच्या व्यस्त प्रमाणात असते. हे सूत्र मुख्यतः धातूंचे. रबराला ते तंतोतंत लागू होत नाही. पण बल कमी करा, घसरण कमी करा किंवा कठीण पदार्थ निवडा, हे तीन मार्ग त्यातून स्वच्छ दिसतात. पहिले दोन खेळाडूच्या हातात आहेत, तिसरा खरेदीच्या वेळी.

टर्फ मऊ असते ना?

हा प्रश्न मला वर्गात हमखास विचारला जातो. टर्फवर पडले तर हाड दुखत नाही, मग मोजे का झिजतात?

कृत्रिम हिरवळ प्रथम गाजली ती १९६६ मध्ये, अमेरिकेतील ह्यूस्टन शहराच्या छत असलेल्या क्रीडागृहात. ती नायलॉनची, आखूड दोऱ्यांची होती. भारतीयांना तिची ओळख झाली ती १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये. तेथे हॉकी प्रथमच कृत्रिम मैदानावर खेळली गेली आणि आपला संघ सातव्या क्रमांकावर गेला. आजचे फुटबॉलचे टर्फ वेगळे असते. पॉलिथिनची चार ते सहा सेंटिमीटर लांब पाती, त्यांच्या मुळाशी वाळू, आणि वर जुन्या टायरांचा बारीक चुरा. तुमच्या बुटांतून घरी येणारे काळे दाणे तेच.

नैसर्गिक गवताच्या पात्यात तीन-चतुर्थांशाच्या आसपास पाणी असते. तुम्ही घसरलात की पाती चिरडतात, रस सुटतो आणि तो वंगणाचे काम करतो. प्लास्टिकच्या पात्यात रस कोठून येणार? शिवाय खालची वाळू ही बहुतेक क्वार्ट्झची. मोहसच्या कठीणपणाच्या मापावर तिचा क्रमांक ७, काचेपेक्षाही वरचा. भाड्याने मिळणाऱ्या टर्फवर पुष्कळ वापरामुळे पाती आडवी झालेली असतात, चुरा कोपऱ्यात गेलेला असतो आणि वाळू वर डोकावते. मग ती मैदानभर अंथरलेली पॉलिश पेपरची चटईच! त्यात ऊन. भर दुपारी टर्फचा पृष्ठभाग ६० अंश सेल्सिअसच्याही वर तापू शकतो. रबर तापले की त्याची फाटण्याला विरोध करण्याची शक्ती घटते. सराव सकाळी किंवा दिवस मावळल्यावर केला तर मोज्यांचे आयुष्य वाढते. तुमचेही डोके शांत राहते.

दोन्ही जागी झीज सारखी नसते. टर्फवर तळवा सगळीकडून हळूहळू पातळ होतो, साबणाच्या वडीसारखा. मुरमावर तो जागोजागी फाटतो; टोकदार खडा एका घसरणीत चीर पाडतो आणि मग ती चीर वाढत जाते. म्हणून तुम्ही जास्त वेळ कोठे खेळता हे मोजे घेण्याआधी ठरवले पाहिजे.

दुकानात

पहिली गोष्ट, किमतीवरून टिकाऊपणा ओळखू नका. सर्वांत महाग मोजे बहुधा सर्वांत मऊ फोमचे असतात. ज्यांना दर थोड्या सामन्यांनंतर नवी जोडी मिळते अशा व्यावसायिक खेळाडूंसाठी ते असतात. मधल्या किमतीतले, थोड्या घट्ट फोमचे मोजे आपल्या मैदानांवर बरेच अधिक टिकतात. पकड थोडी कमी मिळेल. ती सरावाने भरून काढता येते.

तळव्यावर अंगठा दाबा. अगदी लोण्यासारखा आत गेला आणि सावकाश वर आला तर तो गवतावरचा मोजा समजा. दाबाला विरोध करून चटकन वर येणारा फोम घ्या. कडेने पाहून फोमची जाडी तपासा. फोमचा वरचा थर तीन ते चार मिलिमीटर असतो. टर्फसाठी चार मिलिमीटरच्या जवळचा बरा, कारण तेथे झीज सावकाश आणि सर्वत्र होते, तेव्हा जाडी म्हणजे सरळ सरळ आयुष्य. मुरमासाठी जाडीपेक्षा घट्टपणा महत्त्वाचा. काही मोज्यांचा तळवा टेबलटेनिसच्या बॅटसारखा दाणेदार, भरीव रबराचा असतो. झेल घेताना तो थोडा दगा देतो. पण खडकाळ मैदानावरच्या रोजच्या सरावाला त्याच्यासारखा दुसरा नाही.

मनगटाजवळच्या उंचवट्यावर वेगळ्या, कडक रबराचा तुकडा शिवलेला आहे का ते जरूर पाहा. आमच्या हिशोबाप्रमाणे जमिनीचा मार तेथेच बसतो, आणि चेंडूला त्या जागेची फारशी गरज नसते. शिवण बाहेर उघडी असेल तर ती टाके घासून उसवते. फोम बोटाच्या कडेवरून वळवून शिवण आत घेतलेली असेल तर बरे. माप थोडे सैल हवे, बोटाच्या टोकापुढे अर्धा ते एक सेंटिमीटर जागा राहील इतके. तंग मोज्यातला फोम आधीच ताणलेला असतो, त्याला थोडासा धक्काही फाडायला पुरतो. फार ढगळ मोजा तळव्यावर दुमडतो आणि घडीवर झिजतो. बोटांतल्या प्लास्टिकच्या पट्ट्या, चकाकणारी नक्षी आणि नामांकित खेळाडूची सही यांचा झिजेशी काही संबंध नाही.

परवडत असेल तर दोन स्वस्त जोड्या एका महाग जोडीपेक्षा चांगल्या. जुनी सरावाला, नवी सामन्याला.

वापरताना

पडल्यावर उठताना तळवा जमिनीला टेकवून उठू नका. मूठ वळून बोटांच्या मागच्या बाजूवर उठा. ही सवय एका आठवड्यात लागते आणि फुकट आहे. सूर मारताना पोटरी, मांडीची बाजू आणि खांदा असे क्रमाने टेकवा, म्हणजे भार हातावर येत नाही. चेंडू हातात असेल तर तोच आधी जमिनीवर टेकवून वरून दाबा. मग मोजा चेंडूवर राहतो, जमिनीला लागतच नाही. शिक्षकांनी सरावात याकडे लक्ष दिले तर मुलांचे मनगटही वाचेल.

खेळ झाल्यावर मोजे कोमट पाण्यात, थोडा सौम्य साबण घालून, हातांनी दाबून धुवा. पिळू नका, ब्रश लावू नका. घाम आणि धूळ निघाली की पकड परत येते. वाळवायचे ते सावलीत. सूर्यप्रकाशातले अतिनील किरण, हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन हे रबराच्या साखळ्यांतले दुहेरी बंध तोडतात. दोरीवर उन्हात टाकलेला फोम काही दिवसांत कडक होऊन तडकतो. टायर काळे असतात ते त्यात काजळी मिसळलेली असते म्हणून. काजळी रबराला बळकटी देते आणि किरणांपासून संरक्षणही. पांढऱ्या फोमला असा रक्षणकर्ता नसतो.

राहिली आमच्या गोलरक्षकाची जोडी. नवी घेण्याइतके पैसे त्याच्याकडे नव्हते. त्याने सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन अर्धचंद्राकार तुकडे कापले, पंक्चर काढणाऱ्याकडून थोडे सोल्युशन आणले आणि झिजलेल्या उंचवट्यांवर ते चिकटवून कडेने जाड दोऱ्याचे टाके घातले. बोटांच्या शिवणी त्याच्या आईने घालून दिल्या. मी त्याला एक वही दिली. प्रत्येक सामन्यानंतर तो तुकड्याची जाडी प्रयोगशाळेतल्या स्क्रूगेजने मोजतो आणि किती वेळा हात टेकला ते आठवून लिहितो. पहिल्या सामन्यात अकरा वेळा होता. परवाच्या नोंदीत तीन आहे.